इस्त्री केलेलं तोंड

आत्याच्या ओठांत कायम टाचण्या असायच्या, म्हणून ती फारसं बोलत नाही, असा गिऱ्हाइकांचा समज होता. बोलावं लागू नये म्हणून ती टाचण्या ओठांत धरते, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

तिचं काम कपडे दुरुस्त करायचं. नवं काही शिवायचं नाही. पँटची लांबी कमी करायची, कोटाचं फाटकं अस्तर बदलायचं, चेन बसवायची, सुटलेल्या पोटांसाठी कमरा सैल करायच्या. दुकान अरुंद आणि खोल होतं. पुढे काउंटर, मग उंच आरसा आणि त्याच्यासमोर लाकडी चौथरा, मागे मशीनं, आणि अगदी आत इस्त्रीचं टेबल. तिथे दिवसभर वाफ असायची आणि तेवढ्याच भिंतीचे पोपडे निघाले होते. गिऱ्हाईक चौथऱ्यावर उभं राहायचं. आत्या त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसायची आणि ओठांतली एकेक टाचणी काढून कापडात खोचायची. वर बघायची नाही. माणसं ती बुटांवरून ओळखायची. "आज ते झिजलेल्या टाचेचे आले होते," असं घरी येऊन सांगायची, आणि ते म्हणजे कोण, हे आम्हाला कधीच कळायचं नाही.

दुकानातला कटर वयाने तिच्याएवढाच, पण तिच्या वाट्याचंही तोच बोलायचा. "ताई, एखादी टाचणी गिळलीत ना, तर आम्हाला लोहचुंबक घेऊन तुमच्या मागे फिरावं लागेल." आत्या नाकातून हुंकार द्यायची. तेच तिचं हसणं.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. वडील गेल्यावरही आमच्याकडेच राहिली. आई तिला वन्सं म्हणायची, ती आईला वहिनी. दोघींनी एकमेकींना आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. आवाज न चढवता एका घरात राहता येतं, फक्त बऱ्याच गोष्टींकडे बघायचं नाही असं ठरवावं लागतं.

तोंडाचं दुखणं तिच्या चाळिशीत सुरू झालं. आधी तिखट सोसेना, मग टोमॅटो, मग गरम चहा. हिरड्या लालभडक झाल्या, त्यांची साल निघायला लागली. दात घासायला गेलं की बेसिनमध्ये रक्त. म्हणून तिने हळूच घासायला सुरुवात केली, मग एक दिवसाआड, मग नुसती चूळ. खालचे दात हलायला लागले तेव्हा ती गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरकडे गेली. त्याने गाल बाजूला ओढून आतले पांढरे चट्टे पाहिले आणि विचारलं, "किती वर्षं तंबाखू खाताय?" दार उघडं होतं. बाकावर माणसं बसली होती, आणि बाकावरच्या माणसांना दुसरं काही काम नसतं. आत्याने आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता. "बरीच वर्षं," ती म्हणाली.

का म्हणालीस, असं मी तिला पुढे केव्हातरी विचारलं.

"नाही म्हटलं असतं तर त्याने परत विचारलं असतं. आणखी मोठ्याने."

तंबाखू सोडा, असं सांगून त्याने तिला घरी पाठवलं. नसलेलं व्यसन सोडता येत नाही. दात गेले. वरचे बहुतेक टिकले, खालचा सगळा जबडा रिकामा झाला.

घरात कोणी काही बोललं नाही. फक्त आत्याचा कप धुऊन झाला की आई त्यात उकळतं पाणी ओतायची. एकदा पाठीमागे आत्या उभी होती. ती तशीच मागच्या पावली खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःसाठी निळ्या काठाचा एक कप आणला आणि तो आपल्या खोलीतल्या खिडकीत ठेवला. "याच्यात चहा जास्त वेळ गरम राहतो," असं तिने आईला सांगितलं. गरम चहा तिला चालत नाही, हे आईला माहीत होतं. जेवणही मग ती खोलीतच न्यायला लागली. भिंतीकडे तोंड करून, सूपमध्ये ब्रेड बुडवून.

खालच्या जबड्याला कवळी केली होती. पण सोललेल्या हिरड्यांवर प्लास्टिक टेकलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून कवळी एप्रनच्या खिशात असायची, खडू आणि बटणांच्या सोबतीने. दुकानाच्या दारावरची घंटा वाजली की आत्या भिंतीकडे वळायची आणि ती तोंडात बसवायची. एकदा घाईत कवळीखाली शर्टाचं बटण अडकलं. समोर एक जाडजूड गृहस्थ उभे होते. तिने त्यांचं सगळं माप बटण तोंडात ठेवून घेतलं, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. ही गोष्ट ती स्वतः सांगायची, आणि सांगताना तोंडावर हात धरायची.

दुसरी गोष्ट तिने फार उशिरा सांगितली. एका बाईंचा पांढरा कोट होता, नवा, कुठल्याशा समारंभासाठी. आत्या बाहीची कड टाचत होती. बाईंनी आरशात पाहिलं आणि विचारलं, "हे काय लागलं?" मनगटाजवळ गुलाबी ठिपका होता. टाचणीच्या डोक्यावरून आलेला, आत्याच्या ओठातून.

"बोटाला टोचलं," आत्या म्हणाली.

"बघू?"

"पट्टी लावून येते." ती आत इस्त्रीच्या टेबलामागे गेली, टाचणी घेतली आणि स्वतःच्या बोटात खुपसली. रक्त येईपर्यंत. मग बाहेर येऊन तिने ते बोट बाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, "अगंबाई, जपून करा हो." त्या बाईंची माया तिला सोसली नाही. ती कितीतरी दिवस त्या बोटाला पट्टी लावून होती. जखम कधीच भरली होती.

त्या कोटाच्या प्रसंगानंतर तिने मला सांगितलं, "मला दात पक्के बसवून घ्यायचे आहेत. स्क्रूचे. काढता येणार नाहीत असे."

"एवढंच ना?"

"आणि वहिनींसमोर बसून काकडी खायची आहे. आवाज होईल अशी."

मी तिला मोठ्या इस्पितळातल्या दातांच्या विभागात घेऊन गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या. मास्कच्या वर फक्त डोळे, पण ते डोळे घाईत नव्हते. त्यांनी बराच वेळ पाहिलं, गालाचा एक इवलासा तुकडा तपासायला घेतला, आणि पुढच्या खेपेला सांगितलं, "लायकेन प्लेनस नावाचा आजार आहे. शरीर स्वतःच्याच कातडीला परकं समजतं आणि कुरतडत बसतं. कोणाला लागत नाही. कोणाकडून आलेला नाही. आणि तंबाखूचा तर काही संबंधच नाही."

"मी खाल्ली नाही कधी," आत्या म्हणाली. खुर्चीत आडवी, छताकडे बघत. हे वाक्य तिने पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं होतं.

"दिसतंय मला. गालाच्या आत पांढरी जाळी आहे, अगदी लेससारखी."

"विणलेली की मशीनची?"

डॉक्टरबाई हसल्या. "विणलेली. पण मधे मधे उसवली आहे. ते लाल दिसतं ना, तिथे."

हा आजार मुळापासून जात नाही, शांत ठेवता येतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. इम्प्लांट बसतील का? बसतील. हाड चांगलं आहे, आणि आजार हाडात नाही, वरच्या कातडीत आहे. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक खुंटा बसवायचा, हाडाने तो धरला की त्यावर कवळी अडकवायची. वरून दाबली की बसते, ओढली की निघते.

"म्हणजे टिचबटण," आत्या म्हणाली.

"बरोब्बर, टिचबटण. पण तोंड लाल असताना मी हात लावणार नाही. आधी काही महिने ते शांत राहायला हवं. आणि बसवल्यावरही, कायमचं. मलम रोज लावायचं. लावल्यावर अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही. मऊ ब्रशने रोज साफ करायचं. काम काय करता तुम्ही?"

आत्याने सांगितलं.

"मग टाचण्या तोंडात धरत असाल. त्या बंद. घासलं, टोचलं, की तिथेच नवा चट्टा उठतो."

"नाही धरणार."

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. लागण होत नाही, हे वाक्य मी जरा जास्तच स्पष्ट उच्चारलं असावं. आई ओट्यावरचं पुसलेलं पुन्हा पुसत राहिली. मग आत्याच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाली, "वन्सं, तो कप टाकून द्या आता."

"राहू दे वहिनी. सवय झाली."

आईने पुन्हा विचारलं नाही. दोघी कानकोंड्या होऊन उभ्या राहिल्या आणि मग एकदम दोघींनाही काहीतरी काम आठवलं.

आता इस्त्रीचं सांगायला हवं. आत्या लहान वयात ज्या मास्तरांकडे काम शिकली, त्यांची एक युक्ती होती. शिवण ओढली गेली, दोऱ्याचा ताण चुकला, की कापडाला चुण्या पडतात. उसवून पुन्हा शिवणं हा त्यावरचा एकच खरा उपाय. पण ट्रायलच्या आधी त्यावर ओलं फडकं टाकून कडक वाफेची इस्त्री फिरवली, तर चुण्या बसतात. आरशात गिऱ्हाइकाला कोट गुळगुळीत दिसतो. तो खूश होऊन जातो. घरी नेऊन एकदा घातला, अंगाची ऊब लागली, की चुण्या पुन्हा वर येतात. आत्याला या प्रकाराची मनापासून चीड होती. कटरने एकदा तसं करायला घेतलं तेव्हा तिने त्याच्या हातातून इस्त्री काढून घेतली होती. टाचण्या तोंडात असल्यामुळे त्याला शिव्या मात्र मिळाल्या नाहीत.

आणि हीच बाई आपल्या तोंडाला इस्त्री करायला लागली.

मलम चिकट होतं, खळीसारखं. लावलं की जीभ जड व्हायची, बोलणं बोबडं व्हायचं. दिवसभर घंटा वाजायची. टाचण्यांचं तर विचारूच नका. हातात धरल्या तर हात अडकतो, मनगटावर बांधायच्या गादीला खोचल्या तर प्रत्येक वेळी नजर हलवावी लागते. कोवळ्या वयात ओठांना लागलेलं वळण ते, आणि ओठांचं बोलण्याशी वाकडं. तपासणीची तारीख जवळ आली की मात्र ती आठवडाभर मलम नेमाने लावायची, दिवसातून तीनदा, टाचण्या गादीला खोचून. लाली बसायची. डॉक्टरबाई दिवा पाडून बघायच्या आणि म्हणायच्या, "छान! रोज लावताय ना?"

"हो."

"शाबास, आत्या." मी हाक मारायचो म्हणून त्याही आत्या म्हणायला लागल्या होत्या.

शाबासकी घेऊन बाहेर आली की तिचा चेहरा कानापर्यंत तांबडा झालेला असायचा. मला तो आनंद वाटायचा. फसवायचं असं तिने ठरवलेलं नव्हतं. तपासणी म्हणजे ट्रायल, त्या दिवशी नीट दिसलं की झालं, असंच तिच्या हाडात बसलं होतं. दुसऱ्यांच्या कोटाची घरी गेल्यावर काय गत होते हे ती जाणत होती. स्वतःचं तोंड घरी गेल्यावरही आपल्यापाशीच राहतं, एवढाच हिशेब राहून गेला.

खुंटे बसले. जाड कॅनव्हासमधून मोठी सुई जाताना मशीन जसं कुंथतं तसा आवाज आला, असं तिने सांगितलं. हाडाने ते धरले. काही महिन्यांनी कवळी वरून दाबली आणि टिच्च वाजलं. आत्याने ती काढली, पुन्हा लावली. टिच्च. डॉक्टरबाईंनी तिला चार-पाच वेळा तसं करू दिलं.

घरी आईने न सांगता काकडी कापून ठेवली होती. आत्या टेबलाशी येऊन बसली, आईच्या समोर. पहिल्या चाव्याचा आवाज आम्ही तिघांनी ऐकला. आई म्हणाली, "वन्सं, शेजारचे तक्रार करतील हो," आणि डोळे पुसायला आत गेली. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरात कुरकुरीत पदार्थांची नुसती चंगळ होती. आत्या ओठांवर हात न धरता हसली की तिचा चेहरा अनोळखी वाटायचा. कोणीतरी पाहुणी आल्यासारखी.

मग डाव्या खुंट्याभोवतीची हिरडी लाल झाली. तिने ते आम्हाला सांगितलं नाही. दुखतं म्हणून तिथे ब्रश लावला नाही. टेबलाशी बसून ती उजव्या बाजूने चावायची, आणि आईला वाटायचं, चवीने खातेय. तारीख आली की इस्त्री फिरायची. डॉक्टरबाई एकदा थबकल्या. "इथे जरा सूज आहे. लावताय ना रोज?"

"हो."

त्यानंतर एक दिवस मी दुकानात होतो, माझ्याच पँटची चेन बदलून न्यायला. आत्या चौथऱ्याशी बसलेली, ओठांत टाचण्या. दार उघडलं, घंटा वाजली, एक तरुण बाई आल्या. लांब कोट होता, खाली लोळत होता. कटरने त्यांना सरळ चौथऱ्यावर चढवलं. मी काउंटरच्या कोपऱ्यात पिशवी शोधत होतो, माझंही लक्ष नव्हतं. आत्याला ते बूट नवे होते, ओळखीचे नव्हते. आणि त्या बाईंनी आत्याला आजवर पाहिलं होतं ते आडवं, वरून, तोंड उघडं. गुडघ्यावर बसलेला, भांग पाडलेला करडा माथा त्यांना काय ओळखू येणार? मास्क नसलेला त्यांचा चेहरा आत्यानेही कधी पाहिला नव्हता. तिने कोटाची कड अंगठ्याने दाबली आणि टाचत निघाली.

"अजून थोडं वर घ्याल का? चालताना पायात येतो."

आत्याचा हात थांबला. आवाज मीही ओळखला आणि मान वर केली.

डॉक्टरबाईंनी आरशात खाली पाहिलं. "आत्या?"

आत्याला बोलताच येत नव्हतं. कटरला वाटलं, आपण मदत करावी. "त्या नाही बोलणार, मॅडम. तोंडात कारखाना आहे त्यांच्या. जग इकडचं तिकडे होऊ दे, आमच्या ताईंनी टाचणी काही सोडली नाही कधी!"

तो एकटाच हसला.

आत्याने तळहात पुढे धरला आणि एकेक टाचणी त्यात काढून ठेवायला लागली. शेवटची ओठाला चिकटली होती. ती निघाली तेव्हा लाल होती. तिने मूठ मिटली, घट्ट, आत टोकं आहेत हे विसरल्यासारखी. डॉक्टरबाईंना खाली उतरता येईना. अर्धा कोट टाचलेला, अर्धा मोकळा. ती दोन माणसं तशीच अडकून राहिली, एक उभी, एक गुडघ्यावर, आणि समोरच्या आरशात पुन्हा तीच.

"तोंड उघडा जरा," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

"इथे नको." तेवढ्या दोन शब्दांत त्यांना हवं ते दिसलं असणार.

"उद्या सकाळी या. आहात तशा."

आत्याने कोट पूर्ण केला. कड वाकडी आली. तिने सगळ्या टाचण्या काढल्या आणि पुन्हा लावल्या. या वेळी गादीवरून एकेक घेत. डॉक्टरबाई हलल्या नाहीत. त्या गेल्यावर कटर म्हणाला, "ओळखीच्या निघाल्या वाटतं?" आत्या आत गेली आणि इस्त्रीच्या टेबलाशी पाठ करून उभी राहिली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मी त्या पाठीवर पाहिलं.

घरी येताना तिने मला सगळं सांगितलं. मलमाचं, आठवडाभराच्या नेमाचं, मास्तरांच्या युक्तीचं, पांढऱ्या कोटाचं. रस्त्याच्या कडेने चालत, समोर बघत. सकाळी निघायच्या आधी ती बेसिनसमोर मलमाची ट्यूब हातात घेऊन उभी होती. टोपण काढलेलं. मग तिने ते परत लावलं.

डॉक्टरबाईंनी पाहिलं. बारीक सळई हिरडीत घातली तेव्हा रक्त आलं, पूही आला. एक्स-रे काढला. डाव्या खुंट्याभोवतीचं हाड खाल्लं गेलं होतं, वाटीसारखं. त्यांनी खुंट्याला दोन्ही बाजूंनी हलकेच लोटलं. तो हलला.

"हा काढावा लागेल. उजवा राहू शकतो. हे एवढ्यातलं नाही, आत्या. मागच्या वेळी मला एवढं कसं दिसलं नाही?"

"ट्रायलच्या आधी इस्त्री केली, डॉक्टर."

त्यांना कळलं नाही. आत्याने समजावून सांगितलं. चुण्या, ओलं फडकं, वाफ. अगदी शिकाऊ मुलीला सांगावं तसं, एकही पायरी न गाळता. सांगताना तिने डोळे मिटून घेतले होते. खुर्चीवरचा दिवा चालूच होता.

डॉक्टरबाईंनी मास्क खाली ओढला. "आणि मी दर वेळी शाबास म्हणत होते," त्या म्हणाल्या. त्यांचेही कान तांबडे झाले होते. "तारीख दिली की तोंड शांत, तारीख दिली की शांत. मला शंका यायला हवी होती." मग एक्स-रे बाजूला ठेवून, "हे चट्टे मी का बघत असते माहीत आहे? हजारांतला नाही, पण शंभरातला एखादा पुढे वाईट वळण घेतो. तोही तुम्ही मला इस्त्री करूनच दाखवला असतात."

आत्याने मान हलवली. हो की नाही, ते कळण्यासारखं नव्हतं.

"आता मी तारीख देणार नाही. मनाला येईल त्या दिवशी सकाळी दुकानात फोन करीन. दुपारपर्यंत यायचं. काही लावायचं नाही, घासायचं नाही. चालेल?"

"चालेल."

डावा खुंटा काढला. कवळी आता एका बाजूने धरते, दुसऱ्या बाजूने उचलते. ती बाजू आत्या जिभेने दाबून ठेवते. टाचण्या गेल्या. मनगटावर गादी आली, आणि काम सावकाश झालं. तोंड मोकळं झाल्यावर गिऱ्हाइकांशी चार शब्द बोलावे लागले, ते तिला टाचण्यांपेक्षा जास्त टोचले. मलम ती रोज लावायला लागली, न्याहारीनंतर आणि जेवणानंतर. घंटा वाजली तर कटर पुढे व्हायचा. "ताई मौनात आहेत," असं सांगायचा. त्याला कोणीतरी सगळं सांगितलं होतं. मीच.

फोन आला नाही. बरेच दिवस आला नाही. तोंड चांगलं होतं त्या काळात आला असता, तर किती बरं झालं असतं. पण या आजाराला नेम नाही. एका सकाळी उठली तर उजवा गाल पुन्हा सोलून निघालेला, हिरडी लाल. मलम एक दिवस चुकलं नव्हतं. आणि त्याच आठवड्यात फोन वाजला.

मी तिला घ्यायला दुकानात गेलो. रस्ताभर ती एकच गोष्ट बोलत होती. "या वेळी खरंच लावलं होतं रे. पण दिसतंय तर तसंच. अगदी तसंच दिसतंय."

"मग तसं सांग."

"मी आजवर काय सांगत आले?"

एवढं मात्र तिला ठाऊक होतं, आणि तिने मलाही सांगून ठेवलं, की डॉक्टरबाईंना पटलं की नाही ते लगेच कळेल. पटलं तर औषध पुरत नाही असं समजून त्या औषध बदलतील. नाही पटलं तर म्हणतील, मलम रोज लावत जा.

आता ती मला आत बसवते. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो. खुर्ची मागे गेली, दिवा लागला. आत्याने कवळी काढून ट्रेमध्ये ठेवली आणि तोंड उघडलं. गालाची साल निघालेली, भाजल्यासारखा लाल चट्टा, कडेने पांढरी जाळी. मी पहिल्यांदाच पाहत होतो. नजर वळवावीशी वाटली, पण ती डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडेच बघत होती.

डॉक्टरबाईंनी उजवा खुंटा दोन सळयांच्या मागच्या टोकांनी लोटून पाहिला. इकडून, तिकडून. "हलत नाही," त्या म्हणाल्या. मग गाल. मग पुन्हा गाल.

"मलम लावत होतात?"

"हो."

तेच अक्षर. तोच आवाज. आधीच्या सगळ्या खोट्या होकारांहून त्यात कणभर वेगळेपण नव्हतं, आणि वेगळं आणायचं तरी कुठून? आत्याने आणखी काही जोडलं नाही. शपथ घेतली नाही, माझ्याकडे साक्षीसाठी पाहिलं नाही. दोन्ही हात पोटावर धरून पडून राहिली, छताकडे बघत, आणि तिचे कान हळूहळू तांबडे होत गेले.

डॉक्टरबाई काही क्षण तिच्याकडे पाहत राहिल्या. मग वळून त्यांनी कपाट उघडलं.

"मग हे मलम पुरत नाहीये तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आता चूळ भरायचं औषध देते. जास्त कडक आहे. सकाळ-संध्याकाळ, आणि भरून झाली की थुंकून टाकायची, गिळायची नाही."

खुर्ची सरळ झाली. दिवा विझला. आत्या उठली नाही. डॉक्टरबाईंनी बाटली पुढे केली, तीही तिने घेतली नाही. शेवटी मीच घेतली. खोटं पकडलं गेलं त्या दिवशीही तिची मान एवढी खाली गेली नव्हती.

"उठ आत्या," मी म्हणालो. "बाहेर लोक थांबलेत."

"थांब जरा," ती म्हणाली. "माझं तोंड नीट होऊ दे."